सेकंड हँड फोर-स्ट्रोक डर्ट बाइक घेताना: ठाणे-नवी मुंबईकरांचे नेहमीचे प्रश्न

ठाणे, कळवा, ऐरोली, खारघर, पनवेल इथून सुट्टीच्या दिवशी मुरबाड, बदलापूर, कर्जतच्या कच्च्या रस्त्यांकडे निघणारी मंडळी दरवर्षी वाढतायत. पहिली बाइक घेताना जवळपास सगळ्यांचे प्रश्न सारखेच असतात. इथली उत्तरं वापरलेल्या फोर-स्ट्रोक बाइकबद्दल (पिस्टनच्या चार चालींत एकदा पेट्रोल जळतं ते इंजिन; टू-स्ट्रोकमध्ये दोन चालींत) आणि ट्रेलवर, म्हणजे कच्च्या वाटांवर, निवांत चालवणाऱ्यांसाठी आहेत. रेसिंगचा विषय वेगळा. एक गोष्ट आधीच सांगतो, कारण पुढचं बरंचसं त्यावरच उभं आहे. ट्रेलवर ताकद क्वचित कमी पडते, वजन मात्र दर वळणावर जाणवतं. आणि जुन्या बाइकबद्दल मीटरपेक्षा एअर फिल्टरचा डबा जास्त खरं सांगतो.

टू-स्ट्रोक हलकी असते, मग फोर-स्ट्रोकच का?

आपल्याकडचे उतार बघा. डोंगराच्या पायथ्याचे रस्ते म्हणजे सुटा मुरूम, मध्येच उघडा पडलेला काळा कातळ आणि पावसाळ्यात त्यावर शेवाळ. अशा उतारावर ब्रेक दाबला की चाक लॉक होऊन घसरतं. फोर-स्ट्रोकमध्ये पहिल्या गियरवर थ्रॉटल सोडला की इंजिनच बाइकला मागे ओढून धरतं. टू-स्ट्रोकमध्ये हे इंजिन ब्रेकिंग फारच कमी मिळतं. शिवाय तिचं ऑइल पेट्रोलबरोबर जातं, त्यामुळे लांब उतारावर थ्रॉटल बंद ठेवला की इंजिनाला वंगणही कमी पोचतं.

दुसरं म्हणजे कमी आरपीएमला मिळणारी ओढ. दगडांतून चालीच्या वेगाने जाताना फोर-स्ट्रोक टकटक करत चढते, सारखा क्लच मारावा लागत नाही. नवशिक्याला याचा फार आधार असतो. तोटेही आहेत. इंजिन जड असतं, आणि एकदा उघडायची वेळ आली की व्हॉल्व्ह, कॅम, टायमिंग चेन असं काम वाढत जातं. म्हणून तर घेतानाच इंजिन नीट बघून घ्यायचं.

ट्रॅकची खरीखुरी डर्ट बाइक स्वस्तात मिळतेय. घेऊ का?

तिला नंबर नाही, म्हणजे ती रस्त्यावर आणता येत नाही. मोटार वाहन कायद्याच्या कलम ३९ नुसार नोंदणी नसलेलं वाहन सार्वजनिक ठिकाणी चालवता येत नाही, आणि गावाकडे जाणारा कच्चा रस्ताही सार्वजनिकच असतो. कावासाकीच्या केएक्स मालिकेतल्या, केएलएक्स १४०जी किंवा सुझुकीच्या आरएम-झेड या बाइक भारतात विकल्या गेल्या त्या फक्त बंदिस्त ट्रॅकसाठी. ‘नंतर पासिंग करून देतो’ असं कुणी म्हणालं तर तिथेच नमस्कार करून निघा. तसं पासिंग होत नाही.

केएक्स, आरएम-झेडसारख्या मोटोक्रॉस मशीनची देखभाल तर किलोमीटरवर नाही, तासांवर मोजतात. ऑइल दर काही तासांनी, पिस्टन काही डझन तासांनी. हलके टायटॅनियमचे व्हॉल्व्ह झिजायला लागले की टॅपेट (व्हॉल्व्ह ढकलणारे भाग) पुन्हा पुन्हा घट्ट होतात आणि गरम इंजिन स्टार्ट व्हायला त्रास देतं. स्वतःची किंवा परवानगी असलेली जागा आहे, बाइक छोटा हत्तीमध्ये टाकून न्यायची तयारी आहे आणि हाताशी जाणकार मेकॅनिक आहे, अशांनीच या वाटेला जावं. केएलएक्स १४०जी त्यामानाने साधी, एअर-कूल्ड आणि शिकायला उत्तम आहे, पण जागेची अट तिलाही आहेच.

बाहेरून आणलेली कुठलीही बाइक असेल तर कस्टमचं बिल ऑफ एंट्री (आयातीचा कागद) बघा आणि त्यावरचा चॅसी नंबर बाइकवरच्या नंबरशी स्वतःच्या डोळ्यांनी जुळवा.

मग कोणत्या मॉडेलकडे बघायचं?

पहिल्या बाइकसाठी माझं उत्तर बहुतेक वेळा हीरो एक्सपल्स २०० असतं. मे २०१९ मध्ये आली, पुढे २१ आणि मागे १८ इंचाचं चाक, स्पोकच्या रिम, २२० मिमी ग्राउंड क्लिअरन्स. या मापांत खरे नॉबी (मातीसाठीचे, मोठ्या गुठळ्यांचे) टायर मिळतात, हा मोठा फायदा. सुटे भाग ठाण्यात आणि नवी मुंबईत सहज मिळतात आणि साध्या गॅरेजवाल्यालाही इंजिन ओळखीचं असतं. सुरुवातीच्या बीएस४ (आधीच्या प्रदूषण-नियमांच्या) गाड्यांत कार्ब्युरेटर आणि फ्युएल इंजेक्शन असे दोन्ही प्रकार होते. कार्ब्युरेटरवाली रानात कुठेही साफ करता येते, इंजेक्शनवाली सकाळी आणि घाटात जास्त गुणी वागते. ऑक्टोबर २०२१ मध्ये चार व्हॉल्व्हचं इंजिन आलं. ते हायवेवर मोकळं वाटतं, पण निव्वळ ट्रेलसाठी जास्त पैसे मोजून तेच हवं असं नाही. नीट ठेवलेली दोन व्हॉल्व्हची मिळाली तर खुशाल घ्या. मात्र नाव वाचताना सावध राहा: एक्सपल्स २००टी वेगळी, तिला १७ इंची अलॉय चाकं आहेत आणि ती रस्त्याची गाडी आहे. जाहिरातीत दोन्हींची सरमिसळ सर्रास होते.

हीरो इम्पल्स २०११ ची. १५० सीसी, साधारण १३४ किलो, पुढचं चाक १९ इंची. हलकी, साधी, मनापासून आवडावी अशी गाडी. पण आता भाग शोधत फिरावं लागतं, आणि २०११-१२ च्या गाड्यांची १५ वर्षांची नोंदणी २०२६-२७ मध्ये संपतेय. नूतनीकरण, त्याआधीची तपासणी, पर्यावरण कर हे सगळं किमतीत धरूनच बोलणी करा.

रॉयल एनफिल्ड हिमालयन ४११ बाजारात भरपूर आहेत. लांबच्या प्रवासाला, खराब रस्त्याला छान. पण वजन दोनशे किलोच्या घरात. ओढ्यातल्या गोट्यांत ती आडवी झाली की एकट्याने उभी करताना दम निघतो. दोघं-तिघं मिळून जात असाल आणि रस्ते रुंद असतील तर विचार करा, अरुंद पायवाटांसाठी नको.

नंबर मिळणारी कावासाकी केएलएक्स २३० डिसेंबर २०२४ मध्ये आणि केटीएम ३९० एन्ड्युरो आर एप्रिल २०२५ मध्ये आली. दोन्ही खऱ्या अर्थाने मातीसाठी बनवलेल्या, पण नवीन असल्याने वापरलेल्या बाजारात कमी, आणि मिळाल्या तरी भाव फारसा कमी होत नाही. पहिल्यांदाच माती धरत असाल तर ३९० थोडी थांबवा.

माझी उंची कमी आहे. एक्सपल्स जमेल का?

साध्या एक्सपल्सची सीट जमिनीपासून सुमारे ८२५ मिमी, प्रो प्रकाराची ८९१ मिमी. प्रोच्या सस्पेन्शनला जास्त हालचाल आहे, म्हणून ती उंच. रस्त्यावर एक पाय टेकला तरी भागतं. पण ट्रेलवर बाइक उताराकडे कलते आणि टेकायला जमीन आणखी खाली असते, आणि पडापडी नेमकी तिथेच होते. बघायला जाल तेव्हा ट्रेलचे बूट घालूनच बसून बघा. सीटचा फोम कोरून दोन-तीन सेंटिमीटर कमी करता येतात. मागच्या सस्पेन्शनची लिंक (जोडपट्टी) बदलून खाली आणलेली बाइक मात्र घेऊ नका, तिची चाल आणि क्लिअरन्स दोन्ही बिघडलेलं असतं.

इंजिन कसं तपासायचं?

निघण्याआधी विकणाऱ्याला सांगा की गाडी स्टार्ट करून ठेवू नका. पोचल्यावर पहिलं काम म्हणजे इंजिनाच्या केसिंगला हात लावायचा. गरम लागलं तर कारण विचारा, चहा प्या, गार होऊ द्या. सोसायटीच्या पार्किंगमध्ये गाडी धुऊन, गरम करून तयार ठेवलेली असते तेव्हा तिची सगळी दुखणी झाकलेली असतात. गार इंजिन किती सेल्फमध्ये लागतं, लागल्यावर पहिल्या अर्ध्या मिनिटात वरून कटकट येते का, ती गरम झाल्यावर जाते की वाढते, हे कान देऊन ऐका. टॅपेटचा हलका, एकसारखा आवाज चालतो. टायमिंग चेनचा खरखरीत खडखडाट किंवा खालून येणारा जड ठोका चालत नाही.

सायलेन्सरच्या मागे कुणाला तरी उभं करा. निळसर धूर म्हणजे इंजिन ऑइल खातंय. स्टार्ट करताना एकदाच भपकारा येऊन थांबला तर व्हॉल्व्ह सील असू शकतात. थ्रॉटल वाढवला की सतत येत असेल तर रिंग किंवा बोअर, म्हणजे मोठं काम. पाण्याच्या रेडिएटरच्या गाडीतून गरम झाल्यावरही पांढरा धूर येत राहिला तर हेड गॅस्केटची शंका घ्या. काळा धूर म्हणजे पेट्रोल जास्त जळतंय, हे बऱ्याचदा थोडक्यात सुटतं.

ऑइलचं झाकण उघडा. आत दुधी, चहाच्या सायीसारखा थर दिसला तर पाणी शिरलेलं असू शकतं. पावसाळ्यात रोज दोन-तीन किलोमीटरच फिरणाऱ्या गाडीच्या झाकणाला नुसत्या दमटपणानेही थोडा थर येतो, म्हणून खालचं ऑइलही बघा. तेही दुधी असेल तर परत फिरा. विकणारा तयार असेल तर ऑइल काढून गाळणी बघणं सगळ्यात चांगलं. बारीक चकाकी ठीक, धातूचे कण बोटाला टोचले तर नाही.

कॉम्प्रेशन मोजायचं म्हणाल तर ध्यानात ठेवा की अनेक फोर-स्ट्रोक इंजिनांत स्टार्ट करताना व्हॉल्व्ह किंचित उघडणारा ऑटो डीकॉम्प्रेसर असतो. त्यामुळे गेज कमी आकडा दाखवतं आणि चांगलं इंजिन वाईट ठरतं. लीक-डाउन टेस्ट (सिलिंडरमध्ये हवा भरून ती किती गळते ते बघणं) करणारा मेकॅनिक मिळाला तर तिच्यावर विश्वास ठेवा.

शेवटी पूर्ण गरम झालेली गाडी बंद करा, पाच मिनिटं थांबा आणि पुन्हा लावा. भर चढावर बंद पडल्यावर ती लागणार की नाही, हे इथे कळतं.

एअर फिल्टरबद्दल सगळे एवढं का बोलतात?

कारण मातीतल्या इंजिनाला सगळ्यात आधी धूळ मारते. डिसेंबरनंतर आपल्याकडचे मुरमाचे रस्ते पिठासारखे होतात. दोघं जण एकामागे एक गेले की मागच्याची गाडी अक्षरशः धूळच श्वासात घेते. फिल्टर फाटलेला, कोरडा किंवा वाकडा बसलेला असेल तर ती धूळ थेट पिस्टनपर्यंत जाते आणि रिंग, बोअर, व्हॉल्व्हच्या सीट घासून काढते.

डब्याचं झाकण उघडा, फिल्टर बाहेर काढा. मग फिल्टरच्या पलीकडे, इंजिनाकडे जाणाऱ्या रबरी नळीच्या आत बोट फिरवा. बोट स्वच्छ किंवा किंचित तेलकट निघालं तर छान. बोटावर लालसर-करडी बारीक रेव आली, अंगठ्याने चोळल्यावर करकरली, तर ती गाडी कितीही चकचकीत असो, इंजिनाचा खर्च डोक्यात धरूनच पुढे बोला. मी स्वतः अशी गाडी सोडून देतो. ही तपासणी कुणी करू देत नसेल, तर तेही उत्तरच समजा.

चॅसी, सस्पेन्शन, चाकं यांत काय बघायचं?

बॅश प्लेट (इंजिनाखालचा संरक्षक पत्रा) काढायला सांगा. तिच्याआड इंजिन केसिंगची भेग आणि एम-सीलचं लिंपण लपलेलं असतं. मग टॉर्च घेऊन हेडस्टॉकच्या (फ्रेमचा हँडल बसतं तो भाग) वेल्डिंगपाशी, फूटपेग जिथे बसतात तिथे आणि सीटखालच्या सबफ्रेमवर बघा. एवढ्याच भागावर ताजा रंग असेल तर का मारला ते विचारा.

पुढचं चाक अधांतरी करून हँडल एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत हळू फिरवा. बरोबर मधोमध ते खाचेत बसल्यासारखं अडकलं तर कोन सेट (हँडलचे बेअरिंग) गेलाय. मागचं चाक उचलून वर-खाली हलवा. टक असा खेळ जाणवला तर स्विंगआर्मचे किंवा लिंकचे बेअरिंग. ओढ्यातून जाणाऱ्या आणि ग्रीस न मिळालेल्या गाड्यांत हे हमखास होतं. फोर्कच्या नळ्यांवर तेलाची रिंग म्हणजे ऑइल सील. तो खर्च छोटा, पण नळीवर नखाला लागणारा ओरखडा असेल तर नवं सीलही टिकत नाही.

स्पोक एकेक करून पान्याने हलके वाजवा. सगळ्यांचा आवाज साधारण सारखा यायला हवा, बद्द वाजणारे ढिले असतात. रिमचा छोटा चपटा चालेल, वेल्डिंगची भेग नाही. मागच्या स्प्रॉकेटवरून चेन बोटाने ओढा. दाताचा अर्धा भाग उघडा पडला किंवा दात एका बाजूला वाकलेले दिसले तर चेन किट संपलंय, तेवढे पैसे कमी करून घ्या.

खाडीकाठची किंवा पुरातली गाडी कशी ओळखायची?

आपल्या भागात हा प्रश्न महत्त्वाचा आहे. ऐरोली, वाशी, उलवे, उरणकडे उघड्यावर उभी राहिलेली गाडी खारट वाऱ्याने आतून खराब होते. वरचा प्लॅस्टिक भाग नवा दिसतो, पण स्पोकच्या निपल पांढऱ्या पडलेल्या, वायरिंगचे कनेक्टर हिरवट, स्क्रूची डोकी गंजलेली. हेडलाइटमागचा एखादा कनेक्टर सोडून बघितला की खरं काय ते कळतं.

बुडालेल्या गाडीची खूण म्हणजे गाळ. उल्हास नदीला २०१९ आणि २०२१ च्या जुलैमध्ये आलेल्या पुरांत बदलापूर परिसरातल्या कितीतरी गाड्या पाण्याखाली गेल्या, आणि दर पावसाळ्यात सखल वस्त्यांत पार्किंग भरतंच. टाकीखाली, सीटखालच्या कोपऱ्यांत, मीटरच्या काचेच्या आत, स्विचच्या फटींत वाळलेला बारीक गाळ शोधा. नीट खोलून साफ केलेली बुडीत गाडी चालूही शकते. पण तिची वायरिंग पुढे कधी दगा देईल याचा नेम नाही, म्हणून पहिल्या गाडीसाठी नकोच.

टेस्ट राइड कशी घ्यायची?

सोसायटीच्या आवारात एक फेरी म्हणजे टेस्ट राइड नव्हे. हेल्मेट घाला, विकणाऱ्याकडे ओळखपत्र ठेवा आणि एखादा चढ मिळेल असा रस्ता निवडा. चढावर वरच्या गियरमध्ये थ्रॉटल उघडल्यावर इंजिनाचा आवाज वाढला पण वेग वाढला नाही तर क्लच प्लेट गेल्यात. दुसऱ्या गियरमध्ये जोर देऊन सोडा, पुन्हा जोर द्या. गियर सुटून न्यूट्रलला आला तर सौदा बंद, कारण त्यासाठी अख्खं इंजिन खोलावं लागतं. मग गर्दीत दहा मिनिटं चालवा. घोडबंदर रोडच्या ट्रॅफिकमध्ये एअर-कूल्ड इंजिन किती तापतं हे ट्रेलवर जायच्या आधीच समजलेलं बरं.

खूप मॉडिफिकेशन केलेली गाडी चांगली की वाईट?

हँडगार्ड, बॅश प्लेट, चांगले टायर, कंपनीचं रॅली किट हे आनंदाने घ्या. बोअर वाढवलेलं इंजिन, कापलेली सबफ्रेम, फोडलेला सायलेन्सर, वेल्डिंगने बसवलेला दुसऱ्याच गाडीचा फोर्क हे नको. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ नुसार नोंदणीतल्या मूळ तपशिलात परस्पर बदल करता येत नाही. आणि कर्कश आवाजाने गावकरी सगळ्याच रायडर्सवर चिडतात, त्याचे परिणाम नंतर येणाऱ्यांना भोगावे लागतात.

मीटरवर फक्त चार हजार किलोमीटर आहेत. खरं मानू का?

फूटपेगचे दात, ब्रेक पेडलचं टोक, हँडलची ग्रिप आणि डिस्कची कड बघा. हे भाग खोटं बोलत नाहीत. सर्व्हिस हिस्टरी मागा. ट्रेलवरचे चार हजार रस्त्यावरच्या वीस हजारांपेक्षा जड असू शकतात, म्हणून कमी आकडा दिसला की लगेच भाळू नका.

कागदपत्रांचं काय?

सौदा ठरायच्या आधी एमपरिवहन अ‍ॅपवर नंबर टाकून मालकाचं नाव, इन्शुरन्स, पीयूसी आणि कर्जाची नोंद बघा. बाकी ई-चलन वेगळी तपासा. आरसीवर बँकेचा बोजा असेल तर बँकेची एनओसी (ना हरकत पत्र) आणि फॉर्म ३५ (बोजा उतरल्याची सूचना) हातात आल्याशिवाय पूर्ण पैसे देऊ नका. चॅसी आणि इंजिन नंबर गाडीवर स्वतः वाचा. घासलेला किंवा पुन्हा ठोकलेला वाटला तर बोलणी तिथेच थांबवा. चोरीचा माल माहीत असून घेणं हा गुन्हा आहे, भारतीय न्याय संहितेच्या कलम ३१७ मध्ये तो येतो.

नावावर करण्यासाठी फॉर्म २९ आणि ३० (मालकी बदलाची सूचना आणि अर्ज) लागतात. राज्यातल्या राज्यात विकणाऱ्याने १४ दिवसांत कळवायचं असतं, घेणाऱ्याने ३० दिवसांत. एमएच ०४ असो, ०५, ४३ किंवा ४६, अर्जाची सुरुवात परिवहनच्या पोर्टलवरून होते. परराज्यातली गाडी असेल तर तिथल्या आरटीओची फॉर्म २८ वरची एनओसी लागते आणि इथला रोड टॅक्सही भरावा लागतो. स्वस्त दिसणाऱ्या कितीतरी गाड्या इथेच महाग पडतात. इन्शुरन्सही १४ दिवसांच्या आत आपल्या नावावर करून घ्या, त्यात हयगय नको.

सगळे पैसे गाडीतच घालू का?

नाही. बजेटचा पाचवा हिस्सा बाजूला ठेवा. गाडी घरी आली की इंजिन ऑइल, फिल्टर, ब्रेक ऑइल, स्पार्क प्लग, टॅपेट, दोन्ही चाकांचे बेअरिंग आणि स्विंगआर्मचं ग्रीसिंग हे सगळं एकदा करून घ्यायचं, मागच्या मालकाने कालच केलंय म्हणाला तरी. उरलेल्यातून हेल्मेट, गुडघ्याचे गार्ड आणि घोटा झाकणारे बूट घ्या. बूट पुढच्या महिन्यात घेऊ असं करू नका. ट्रेलवर पहिली दुखापत बहुधा घोट्याला होते, आणि तीही चालीच्या वेगात पडल्यावर.

येऊरला किंवा खारघरच्या डोंगरावर चालवता येईल का?

येऊर हा संजय गांधी राष्ट्रीय उद्यानाचा भाग आहे. तिथे डांबरी रस्ता सोडून जंगलात गाडी घालणं बेकायदा आहे आणि चूकही आहे. कर्नाळा, तानसा, तुंगारेश्वर ही अभयारण्यं आहेत, तिथेही तेच. खारघर आणि पारसिकच्या डोंगरांवरची बरीच जमीन वनखात्याची आहे. खाडीकडेची सपाट, मऊ जमीन मोहात पाडते, पण ती खारफुटी आणि फ्लेमिंगोंची जागा आहे. ठाणे खाडी फ्लेमिंगो अभयारण्याला २०२२ मध्ये रामसर दर्जाही (आंतरराष्ट्रीय महत्त्वाची पाणथळ जागा म्हणून मान्यता) मिळाला. तिथे चाक घालू नका.

मुरबाड, शहापूर, कर्जत तालुक्यांत पाड्यांना जोडणारे कच्चे रस्ते पुष्कळ आहेत. वनखात्याची पाटी दिसली की वळायचं, खासगी जमीन असेल तर मालकाला विचारायचं. भातकापणीनंतर खाचरं मोकळी दिसतात, पण बांधावरून गाडी नेली की तो ढासळतो आणि पुढच्या पावसात शेतकऱ्याचं पाणी वाहून जातं. वस्तीतून जाताना पहिल्या गियरवर, कोंबड्या-पोरं बघत जा. थांबून दोन शब्द बोललात तर पुढे ओढ्याला पाणी किती आहे, रस्ता कुठे खचलाय, हे तिथली मंडळीच सांगतात.

पावसाळ्यात गाडी बघायला जावं का?

जा, पण पाऊस थांबलेला असताना आणि गाडी कोरडी असताना. ओल्या इंजिनावर ऑइलची गळती दिसत नाही. नुकतीच धुतलेली असेल तर वीस मिनिटं चालवून आणा, उभी करा आणि केसिंगच्या सांध्यांखाली पांढरा कागद ठेवून मगच किमतीचं बोला.